बारा बैलांची घंटा

मी आयुष्यात एकदाच इतिहास लिहिला, आणि त्यात बारा बैल घुसवले. ते बैल कधी जन्मालाच आले नव्हते. त्यांनी ओढलेली गाडी नव्हती, त्या गाडीत घंटा नव्हती, आणि ती घंटा ज्या बोटीतून आली असं मी ठोकून दिलं होतं, ती बोटही नव्हती. हे सगळं मी का केलं, तर एका शिडीला घाबरून. शिडी मात्र खरी होती. लाकडी, जुनी, चढताना कुरकुरणारी. माझ्या इतिहासातली तेवढी एकच खरी वस्तू, आणि नेमकी तीच लिहायची राहिली.

नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या आमच्या चर्चची ही गोष्ट. माझी आई चर्चला देऊळच म्हणायची. "देवळाची घंटा झाली, उठा मेल्यांनो," ही आमची रविवारची सुरुवात. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आणि दर्शनी बाजूला छोटासा मनोरा, त्यात ती घंटा. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, इंग्रजांच्या चर्चच्या वळणाची. म्हणजे छापील प्रार्थना, पांढरा झगा घातलेले पाळकसाहेब, गुडघे टेकायला बाकाखाली उशा. पुढे निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि दारावरची पाटी बदलली. म्हाताऱ्या माणसांची गुडघे टेकायची सवय काही बदलली नाही. आता तर आमच्यातल्या निम्म्यांनी गुडघेच बदलून घेतलेत. भोवती पूर्वी पेरूच्या बागा होत्या, तिथं इमारती झाल्या. उपासनेत शांततेची वेळ आली की गंगापूर रोडकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न आत येतात, आणि पाळक डोळे मिटून ते सोसतात.

तर मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली. डोक्यात इंग्रजी कादंबऱ्या, अंगावर खळ घालून कडक केलेली साडी, मनगटावर घड्याळ, आणि ते घड्याळ लोकांना दिसावं म्हणून मी विनाकारण केस सारखे करायची. आज ती पोरगी मला रस्त्यात भेटली असती, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले असते.

चर्चचा मोठा वर्धापनदिन जवळ आला होता. पाळकसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. आपल्या चर्चचा इतिहास लिहा. छोटी पुस्तिका छापू."

अक्षर चांगलं म्हणून इतिहास! पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, बरोबर माणूस शोधलाय.

वेस्ट्रीत, म्हणजे पाळक झगा चढवतात त्या बाजूच्या खोलीत, एक लोखंडी पेटी होती. तीत बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं. प्रत्येक बाळाच्या नावापुढे बापाचा धंदा लिहिलेला असायचा. गवंडी. माळी. कोचमन. सुतार. कुठे कुठे बापाची जागा रिकामी आणि आईपुढे नुसतं 'आया'. दुष्काळात पोरकी झालेली मुलं होती, आफ्रिकेतून गुलामीतून सोडवून इथं आणलेली आणि इथंच सुतारकी-लोहारकी शिकलेली मुलं होती. खरा इतिहास माझ्या मांडीवर पडला होता. मी त्याची चार पानं उलटली, शिंका आल्या म्हणून पेटी बंद केली, आणि या सगळ्या माणसांना माझ्या पुस्तिकेत मिळून अडीच ओळी दिल्या. मला जागा हवी होती घंटेसाठी. घंटेवर इंग्रजी अक्षरं होती. अंगणात उभं राहून मान वर केली की दिसायची. इंग्रजी अक्षरं म्हणजे इंग्लंडची घंटा, यात शोधायचं ते काय?

चर्चची झाडलोट करणारे आणि घंटा वाजवणारे एक वयस्क गृहस्थ होते. अख्खी मंडळी त्यांना बाबा म्हणायची. मूळचे दिंडोरीकडच्या खेड्यातले, पण त्यांच्या आजीपासून घर या वस्तीत. मी वेस्ट्रीत लिहीत बसले होते, तेव्हा ते केरसुणी घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, घंटेचं काय लिव्हलं?"

"इंग्लंडहून आली ना ती."

"आसं कोन म्हनलं?"

"इंग्रजी अक्षरं आहेत तिच्यावर. वाचली मी."

"अक्षरं साहेबानं कागदावर काढून दिली व्हती. घंटा वतली आपल्याच गावात, वताऱ्याकडं, पितळ वितळवून. साहेबानं बाहेरून मागिवलेली, ती काय आलीच नाय. मंग आपल्या बायांनी घरातली भांडी दिली. माझ्या आजीनं तिच्या माहेरची हंडी दिली. माझा बाप सांगायचा, घंटेच्या मागल्या अंगाला समद्यांची नावं हायेत म्हनून. मोडीत. मला काय ते वाचता येत नाय. तुमी लय शिकलेल्या. मी शिडी धरतो. चढा."

घंटेची मागची बाजू मनोऱ्याच्या भिंतीला लागून होती. मध्ये हात जाईल एवढी फट. तिथं शिडी चढूनच जायचं, आणि मग भिंतीला गाल लावून बघायचं. मी शिडीकडे बघितलं. माझ्या फिक्या निळ्या साडीकडे बघितलं. शिडीवर पारव्यांनी जे करायचं ते करून ठेवलं होतं.

"उद्या बघू, बाबा," मी म्हटलं. "आणि मोडी कुठं येते मला?"

"मंग येनाऱ्याला आना की कोनाला तरी."

"बघू म्हटलं ना."

उद्या काही आला नाही. त्या संध्याकाळी घरी बसून मी लिहिलं, आणि ते मला अजून तोंडपाठ आहे, कारण पुढची पन्नास वर्षं ते दरवर्षी माझ्यासमोर वाचलं गेलं. 'सात समुद्रांच्या लाटा झेलीत ही घंटा आंग्लभूमीहून मुंबापुरीस आली, आणि तेथून बारा धवल वृषभांच्या शकटातून कसाऱ्याचा दुर्गम घाट चढून नाशिक नगरीत प्रवेशली.' शकट म्हणजे गाडी, धवल वृषभ म्हणजे पांढरे बैल. ते पांढरेच का, तर मला पांढरे आवडायचे. आणि बारा का, तर येशूचे शिष्य बारा. शिष्यांच्या हिशोबानं बैल जुंपणारी इतिहासकार जगात मी एकटीच असेन.

वर्धापनदिनाला चर्च भरलं होतं. मी व्यासपीठावरून हे वाचलं. शकट प्रवेशला आणि टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरून बाबा उभे राहिले. टोपी हातात घेतलेली.

"पाळकसाहेब, माफी करा. घंटा इथलीच हाय. बायांच्या भांड्यांची."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. खाली बसलेल्या साऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला, त्या तेवीस वर्षांच्या विदुषीला, फार छान उत्तर सुचलं.

"बाबा," मी म्हटलं, "ओताऱ्यांना इंग्रजी येत होतं का?"

लोक हसले. हशा मिळाल्यावर थांबायचं कळण्याइतकी अक्कल मला नव्हती. मी पुढे म्हटलं, "आणि हंड्यांची घंटा असती तर तिला आमटीचा वास आला असता ना!"

मग तर लोक बाकावर हात आपटून हसले. पाळकसाहेबही हसले. बाबा खाली बसले. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी होती, सतरा-अठरा वर्षांची. शाळा नुकतीच सुटलेली, मी तिला काही शिकवलेलं नाही, पण तीही मला बाईच म्हणायची. ती माझ्याकडे बघत नव्हती. बापाच्या हातातल्या टोपीकडे बघत होती. मला हे त्या वेळी दिसलं आणि मी ते लगेच विसरले. अशा गोष्टी विसरायचं मला तेव्हा चांगलं जमायचं.

बाबा पुन्हा त्याविषयी बोलले नाहीत. घंटा वेळेवर वाजवत राहिले. फरक एवढाच की ते मला बाई म्हणायचे ते म्याडम म्हणायला लागले. मला तो मान वाटला. खरं सांगते, मी घरी येऊन आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हातारा तुला चांगलं ओळखून आहे." मला त्यातलंही काही कळलं नाही.

चार-पाच वर्षांनी बाबा गेले. आमच्याकडे माणूस गेलं की वयाइतके टोल देतात, सावकाश, मध्ये थांबून थांबून. त्यांचे टोल दुसऱ्याच कोणीतरी दिले, आणि मध्येच मोजणी चुकल्यासारखं वाटलं.

बैल मात्र मेले नाहीत. बैल वाढले. पुढच्या एका पाळकांनी त्यांच्यावर उपदेश केला. बारा बैल, पण गाडी एक, तशी माणसं अनेक, पण मंडळी एक. रविवारच्या शाळेनं त्यांचं नाटुकलं बसवलं. दर वर्धापनदिनाला बारा पोरं पुठ्ठ्याची शिंगं लावून, गळ्यात घुंगरं बांधून, "हर्र हर्र" म्हणत मधल्या वाटेनं वेदीपर्यंत यायची. कोणाचा पोरगा पुढचा बैल आणि कोणाचा मागचा, यावरून दोन घरांत बोलणं बंद झालेलं मला माहीत आहे. माझा नातूही एकदा बैल झाला होता. मागून तिसरा. तो वाटेत रुसून बसला आणि अख्खी गाडी अडली. एकदा इंग्लंडहून एक वयस्क जोडपं आलं होतं, त्या बाईंनी घंटेकडे बघून डोळे पुसले. आता त्यांना मी काय सांगणार होते?

तोवर मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. अगदी खरं नव्हे, पण जुनं. जुनं झालं की खोट्यालाही जरा बरे दिवस येतात.

बाबांची मुलगी मोठी झाली, दवाखान्यात नर्स झाली, तिचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, निवृत्त झाली. महिला मंडळात आम्ही बरोबरीनं असायचो. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये शेतमालाची आरास करतात, त्यात लासलगावच्या कांद्यांच्या माळा ती लावायची आणि द्राक्षांचे घड मी. कांदे मी वर लावले की ती काढून खाली लावायची. "बाई, जड वस्तू खाली." कधी वाकडं बोलली नाही. फक्त दरवर्षी वर्धापनदिनाला, वाचन सुरू होऊन घुंगरं वाजली, की ती उठून चहाचं बघायला बाहेर जायची. मी शेजारणीला म्हणायचे, "किती कामसू आहे बघा!"

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले. शनिवारी दुपारी वर्ग असायचा. का शिकले, तर हौस म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. शिकताना एक-दोनदा मनोऱ्याकडे लक्ष गेलं. पण मोडी आली तोवर गुडघे गेले होते. जेव्हा चढता येत होतं तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि वाचता यायला लागलं तेव्हा चढता येईना. मला ही सोय फार पसंत होती.

मग गेल्या पावसाळ्यानंतर मनोऱ्याची तुळई वाळवीनं खाल्लेली निघाली. नवी बसवायची म्हणून घंटा खाली काढली. साखळी-कप्पी लावून, चार माणसांनी, तासभर "हळू, हळू" करत. अंगणात दोन जुन्या टायरांवर ती ठेवली. इतकी वर्षं मान वर करून बघितलेली घंटा कमरेएवढी निघाली. तिच्यावर चुन्याचे आणि रंगाचे थर इतके होते की मागची बाजू भिंतीसारखीच दिसत होती.

महिला मंडळानं ठरवलं, आपण घासून काढू. शनिवारी सकाळी आम्ही सात-आठजणी जमलो. चिंचेचा कोळ, राख, नारळाच्या शेंड्या. मला वयामुळे खुर्ची दिली होती, म्हणजे घासायचं काम नाही, सूचना करायचं काम.

"हळू गं," एकजण म्हणाली, "इंग्लंडची आहे, चरे पडतील."

"पडू देत," बाबांची मुलगी म्हणाली. ती गुडघ्यावर बसून मागची बाजू घासत होती. "पाव्हणी आहे म्हणून काय पारोशी ठेवायची?"

सगळ्या हसल्या. मी जरा जास्तच हसले.

थोड्या वेळानं तिचा हात थांबला. तिनं पदरानं तेवढी जागा पुसली. पुन्हा कोळ लावला, पुन्हा पुसली. मग म्हणाली, "बाई, इकडं या बरं. ही मोडी आहे का?"

मी उठले. टाकीनं कोरलेल्या ओळी होत्या, एकाखाली एक. लपेटदार, थोड्या वाकड्या. चिंचेनं पिवळ्या चकचकीत झालेल्या पितळेत चुना अजून अडकलेला, त्यामुळे पांढऱ्या शाईनं लिहिल्यासारख्या. मला लांबूनच पहिली ओळ वाचता आली. 'बायांनी भांडी दिली.' पुढच्या ओळींवरून मी नजर काढून घेतली.

"काय लिहिलंय?" ती म्हणाली.

आणि मी, पंचाहत्तर वर्षांची बाई, दोन नातवंडांची आजी, वेदीपुढे गुडघे टेकून दर रविवारी पापांची कबुली म्हणणारी, म्हटलं, "दिसत नाही गं नीट. चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्या गळ्यात लोंबत होता. साखळीला.

तिनं चष्म्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली, आणि इंग्रजी अक्षरांची बाजू घासायला गेली.

तेविसाव्या वर्षीचा गाढवपणा मला एक वेळ माफ आहे, पोर होते. या चष्म्याचं काय करायचं? त्या रात्री नाही, त्या दुपारीच मी घरी जाऊन आडवी झाले. सुनेनं विचारलं, "आई, बरं नाही का?" तिला सगळं सांगितलं. ती व्यवहारी आहे. म्हणाली, "आई, पन्नास वर्षं चाललंय, चालू द्या. मोडी वाचणारं तुमच्याशिवाय मंडळीत कोण आहे? आणि यंदाची शिंगं तयार झालीत."

अगदी बरोबर होतं तिचं. म्हणूनच मला ते ऐकवेना.

सोमवारी आमच्या मंडळीचा सेक्रेटरी आला, हसतमुख तरुण माणूस, फोनवर सगळं दाखवतो. वर्धापनदिनासाठी पुस्तिकेची नवी आवृत्ती निघणार होती. "आजी, मजकूर तुमचाच आहे, एक शब्द बदललेला नाही. फक्त रंगीत केलंय. हे कव्हर बघा." कव्हरवर बारा पांढरे बैल होते. फार सुंदर काढले होते. शिंगांना गोंडे. "रविवारी जाहीर करतो, सोमवारी छापायला जाईल. तुमची हरकत नाही ना?"

"रविवारी सांगते," मी म्हटलं.

गुरुवारी दुपारी मी रिक्षा करून चर्चला गेले. बरोबर चष्मा, भिंग आणि एक वही. अंगणात कोणी नव्हतं. घंटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. सोपं नव्हतं. काही अक्षरं झिजली होती, काही कोरणाऱ्यानं घाईत गुंडाळली होती. दोन तास गेले. वर ती एक ओळ, आणि खाली नऊ बायकांची नावं. नावापुढे नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. प्रत्येकीच्या पुढे तिनं काय दिलं ते. कळशी. परात. तांब्या. दोन वाट्या. समई. शेवटी ओताऱ्याचं नाव आणि 'नाशिक'. बस्स.

पाचव्या नावापुढे 'हंडी' होतं. ते नाव मला शोधावं लागलं नाही. आमच्यात पणजीचं नाव पणतीला ठेवतात, आणि त्या नावाच्या बाईनंच मला शनिवारी हे वाचायला सांगितलं होतं.

मी भिंग खाली ठेवलं. त्या काळी बाई ख्रिस्ती झाली की तिला माहेरचं दार बंद व्हायचं. सणाला बोलावणं नाही, बाळंतपणाला आई नाही. माहेरचं म्हणून जे घरात असेल ते एखादं भांडं. आणि त्यातल्या नऊजणींनी तेही दिलं, कारण त्यांना आपल्या देवळाला आवाज हवा होता. मी त्याला आमटीचा वास लावला होता.

रविवारी उपासना झाली. सेक्रेटरी सूचना वाचायला उभा राहिला. आजारी माणसांसाठी प्रार्थना, बुधवारची बैठक, आणि मग म्हणाला, "आपल्या सर्वांच्या लाडक्या बारा बैलांच्या इतिहासाची नवी आवृत्ती..." मागे बाक करकरल्याचा आवाज झाला. बाबांची मुलगी चहाचं बघायला उठली होती.

तेव्हा मला तिचं ते चहाला उठणं कळलं. पन्नास वर्षांनी! मी उभी राहिले. काठी बाकावर आपटली.

"थांब जरा," मी म्हटलं. ते सेक्रेटरीला होतं की तिला, मला माहीत नाही. दोघंही थांबले. "ते बैल मी लिहिले होते. ते खोटे आहेत."

बाहेर एक हॉर्न वाजला, आणि या वेळी पाळकांनी डोळे मिटले नाहीत. मग पुरुषांच्या बाजूनं एक आजोबा, त्यांना जरा कमी ऐकू येतं, मोठ्यानं म्हणाले, "मग गाडी कोणी ओढली?"

"गाडीच नव्हती, आजोबा."

"आणि बोट?"

"बोटही नव्हती."

"अरे देवा," आजोबा म्हणाले. "माझे दोन्ही पोरगे बैल झाले होते त्यात."

हशा झाला. या वेळी मी तो वाढू दिला नाही. वही उघडली आणि नऊ ओळी वाचल्या. नाव, भांडं. नाव, भांडं. पाचवं नाव वाचताना दाराकडे बघितलं नाही, धीर झाला नाही. ओताऱ्याचं नाव वाचलं. मग म्हटलं, "घंटा वाजवणाऱ्या बाबांनी हे मला लिहिण्याआधी सांगितलं होतं. शिडी धरतो म्हणाले होते. मी चढले नाही. आणि याच चर्चमध्ये उभं राहून मी त्यांची चेष्टा केली, तुमच्यातले काही तेव्हा हसले होते, काही जन्मायचे होते. बाबा खरं बोलत होते. पुस्तिकेत हे त्यांच्या तोंडून घाला. आणि गेल्या शनिवारी मी चष्मा नाही म्हणाले, तेही खोटं. तो हा."

खाली बसताना गुडघा वाजला. तो पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेला म्हणे.

नंतर काय व्हायचं ते झालं. सेक्रेटरीनं कव्हरचं काय करू विचारलं, त्याला म्हटलं भांडी काढ. आताचे पाळकसाहेब म्हणाले, बैलांवरचा माझाही एक उपदेश वाया गेला, आणि हसले. पोरांसाठी शिंगं केलेल्या दोन आया माझ्याकडे न बघता पुढून गेल्या. एकीनं जाता जाता दुसरीला म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीत शिंगं करत बसलो, त्याआधी नाही सुचलं हे यांना?" ते मला ऐकू यावं एवढ्याच आवाजात.

बाबांची मुलगी अंगणात चहाच्या टेबलापाशी होती. रांगेत मी शेवटची उभी राहिले, म्हणजे मागे कोणी ऐकायला नको. माझी पाळी आली. तिनं कप भरला, बशीवर ठेवला, पण हातातून सोडला नाही. मी म्हटलं, "अगं, मी..." तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. या वेळी एकही शब्द माझा नाही.

"बाई, बाबा गेले तेव्हा तुम्ही आमच्याकडं डबा पाठवला होता, वांग्याची भाजी नि बाजरीच्या भाकरी. तो कोणी खाल्ला नाही. मी नेऊन शेजारच्या म्हशीला घातला, डबा घासला, नि 'भाजी लय छान झाली होती' म्हणून तुमच्या आईच्या हातात परत दिला. आता एकदा तशीच करून आणा. बघू तरी कशी करता ते."